बाहीवर वाघ, छातीवर गरुड



दुसऱ्या महायुद्धातील जर्मन गणवेश जमवून त्यांचा अभ्यास करणारे लोक अनेक देशांत आहेत. त्यांत एक बिल्ला आपल्या ओळखीचा वाटेल. केशरी, पांढरा, हिरवा रंग, त्यावर झेप घेणारा वाघ आणि वर जर्मन भाषेत ‘स्वतंत्र भारत’. उत्तर आफ्रिकेत जर्मनांच्या हाती लागलेल्या हिंदी सैनिकांतून नेताजींनी उभारलेल्या पलटणीचा हा बिल्ला. आपल्या हैदराबादचे आबिद हसन तेव्हा जर्मनीत त्यांच्या सोबत होते. शीख जवान टोपीऐवजी पगडी बांधीत.

बिल्ला बाहीवर होता, पण गणवेश जर्मन लष्कराचा, छातीवर नाझी चिन्ह धरलेला गरुड. ऑगस्ट १९४४ मध्ये ही पलटण हिटलरच्या एसएसकडे सोपविली गेली. सुमारे साठ लाख ज्यूंना मारणारी राजवट ती हीच.

बाजारात नकली माल फार, म्हणून अभ्यासक कापड, शिवण व कारखान्याचा शिक्का तपासतात. जर्मनीत ही चिन्हे मिरविणे गुन्हा आहे, शिक्षण व संशोधनाला सूट आहे.

संमेलनात असा वेश चालेल का, असे काही मुलांनी विचारले. माझ्या मते चालणार नाही. चित्र इतिहासाच्या तासाला जरूर दाखवू. नेताजी व्हायचे असेल तर आझाद हिंद फौजेचा खाकी वेश आहेच.