पोट असलेलं हेलिकॉप्टर, पोट नसलेलं हेलिकॉप्टर

बीड जिल्ह्यातल्या खेड्यात हेलिकॉप्टर उतरतं ते बहुतेक निवडणुकीच्या दिवसांत. आदल्या दिवशी शाळेच्या मैदानावर चुन्याने मोठा गोल आखतात, मधोमध एच काढतात, धूळ बसावी म्हणून टँकरने पाणी मारतात. अशाच एका दुपारी मी मैदानाच्या कडेला, शाळेच्या पडवीला टेकून उभा होतो. हेलिकॉप्टर खाली यायला लागलं तसा वरून वारा नव्हे, जणू वजनच आलं. पाणी मारलेली माती सुकून उडाली, तोंडात कचकच झाली, आणि पडवीवरचा एक सैल पत्रा खिळ्यावर उभा राहून फडफडायला लागला. चारच माणसांचं लहानसं यंत्र, पण ते अधांतरी धरून ठेवायला केवढी हवा खाली ढकलावी लागते, हे त्या पत्र्याने मला दाखवलं.

15 सप्टेंबर 2025 ला आष्टी तालुक्यात आलेल्या हेलिकॉप्टरसाठी कुणी चुना टाकला नव्हता. पर्जन्यछायेतला हा तालुका. उन्हाळ्यात पाण्याच्या टँकरची वाट बघणारी गावं त्या दिवशी पाण्यातच अडकली. कडा गावात आणि आसपासच्या परिसरात लष्कराला बोलवावं लागलं, नाशिकहून लष्कराचं हेलिकॉप्टर आलं आणि त्याने माणसं उचलून कोरड्या जमिनीवर आणली. पुढच्या आठवड्यात शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात, परांडा तालुक्यातही तेच झालं. त्याचे व्हिडिओ घरोघरी फिरले. त्यातलाच एक दाखवत आमच्या गल्लीतल्या सहावीतल्या पोराने मला विचारलं, "सर, हे मिलिटरीचं हाय ना? मग ह्याला तोफ कुठंय?"

प्रश्न अगदी मुद्द्याचा होता. लष्कराच्या हेलिकॉप्टरांमधला सगळ्यात मोठा फरक त्यातच आहे.

आपल्याकडच्या माणसाला हा फरक समजावून सांगायला साखर कारखान्याचा वजनकाटा पुरेसा आहे. उसाची गाडी आधी भरलेली काट्यावर चढते, मग रिकामी. दोन्हींच्या वजाबाकीवर टोळीची मजुरी ठरते, त्यामुळे ते गणित इथल्या ऊसतोड कामगाराला तोंडपाठ असतं. आता हेलिकॉप्टरं काट्यावर चढवू. अपाचे हे हल्ल्याचं हेलिकॉप्टर रिकामं असताना सुमारे सव्वापाच टन भरतं आणि जास्तीत जास्त साडेदहा टनांच्या आत उडू शकतं. चिनूक हे वाहतुकीचं, रिकामं सुमारे 11 टन आणि कमाल 22.7 टन. रशियन बनावटीचं एमआय-17 व्ही-5 रिकामं साडेसात टनांच्या आसपास, कमाल 13 टन. म्हणजे दोन्ही जातींची यंत्रं साधारण स्वतःच्या वजनाइतकंच आणखी वजन घेऊन उडतात. उचलण्याच्या ताकदीत जात वेगळी होत नाही. त्या वजाबाकीच्या आकड्यात काय भरायचं, तिथे वेगळी होते. चिनूकने तिथे मोकळी जागा ठेवली आहे. अपाचेने ती आधीच तोफेला, क्षेपणास्त्रांना आणि इंधनाला देऊन टाकली आहे.

ही फारकत कशी झाली ते व्हिएतनामच्या युद्धात दिसतं. अमेरिकेची ह्युई हेलिकॉप्टरं सैनिकांना थेट रणात उतरवत होती आणि उतरतानाच सगळ्यात जास्त मार खात होती. म्हणून काही ह्युईंना बंदुका आणि रॉकेटं लावून सोबत पाठवू लागले. पण शस्त्रांनी लादलेली ह्युई जड झाली, आणि ज्यांचं रक्षण करायचं त्यांच्याच मागे पडू लागली. मग बेल कंपनीने ह्युईचंच इंजिन आणि ह्युईचाच पंखा घेतला आणि खालचं धूड मात्र नवं बांधलं, रुंदी जेमतेम तीन फूट. दोन माणसं शेजारी नाहीत, एकामागे एक. मागे बाकडी नाहीत, दार नाही, पोटच नाही. 1965 साली पहिल्यांदा उडालेलं आणि 1967 मध्ये व्हिएतनामात पोचलेलं हे कोब्रा. समोरून बघणाऱ्या शत्रूला नेम धरायला तीन फुटांची पट्टी तेवढी मिळते. आजची बहुतेक हल्लेखोर हेलिकॉप्टरं याच वळणाची आहेत: शिडशिडीत, पुढे-मागे दोन माणसं, आणि तिसऱ्याला जागा नाही.

अपाचेचा जन्म टँक मारण्यासाठी झाला. आष्टीहून रेल्वेने 66 किलोमीटरवर अहिल्यानगर आहे, लष्कराच्या चिलखती दळाचं केंद्र आणि शाळा तिथेच. तिथलं टँकांचं संग्रहालय आपल्याकडच्या शाळांच्या सहली आवर्जून बघतात. त्या पोलादी धुडांशेजारी उभं राहिलं की याला मारणार कसं, असा प्रश्न पडतोच. अपाचेचं उत्तर आडोशाचं आहे. मांजरसुंब्याच्या घाटातल्या एखाद्या टेकडीमागे ते लपलंय असं समजा. पंख्याच्याही वर बसवलेला रडारचा घुमट तेवढा टेकडीवरून डोकावतो, बाकी सगळं मागे. सुमारे आठ किलोमीटरपर्यंत पोचणारी हेलफायर क्षेपणास्त्रं सोळापर्यंत लावता येतात, आणि नाकाखाली 30 मिलिमीटरची तोफ. ही तोफ शिरस्त्राणाशी जोडता येते. मारा करणारा जिकडे मान वळवेल तिकडे तोफेचं तोंड वळतं. तो पुढे बसतो, चालवणारा मागे जरा उंचावर.

चिनूकचं सगळंच उलटं. ते बघायला देखणं नाही. पुढे एक पंखा, मागे एक, मधे एसटीसारखं लांब पोट. पण ते दोन पंखे ही फार शहाणी रचना आहे. एका पंख्याच्या हेलिकॉप्टरचं धूड पंख्याच्या उलट दिशेने गरगरायला बघतं. ते आवरायला शेपटीवर छोटा पंखा लागतो आणि इंजिनाची काही ताकद नुसत्या त्या आवरण्यात जाते. चिनूकचे दोन पंखे एकमेकांच्या उलट फिरतात, एकाचा पीळ दुसरा सोडवतो, आणि सगळी ताकद उचलण्याला मिळते. शिवाय पोटात वजन थोडं पुढे-मागे झालं तरी तोल जात नाही. मागचा अख्खा दरवाजा उताराच्या फळीसारखा खाली पडतो, त्यावरून जीप थेट आत जाते. 33 ते 55 सैनिक, नाहीतर सुमारे 10 टन सामान. लष्कराची एम-777 ही सव्वाचार टनांच्या आसपासची तोफ ते खाली टांगून डोंगरावर नेऊन ठेवतं.

भारताने 22 अपाचे आणि 15 चिनूक सप्टेंबर 2015 मध्ये एकत्रच घेण्याचं ठरवलं, सुमारे तीन अब्ज डॉलरला. चिनूक मार्च 2019 मध्ये चंडीगडला हवाई दलात दाखल झाली, अपाचे त्याच वर्षी सप्टेंबरात पठाणकोटला. भूदलाने स्वतःसाठी सहा अपाचे 2020 मध्ये मागवली, त्यातली पहिली तीन यायला जुलै 2025 उजाडलं. अपाचेचे फोटो मुलांच्या वह्यांच्या कव्हरवर असतात. चिनूकचा मी अजून पाहिला नाही.

माझं मन मात्र पोटवाल्यांकडे ओढ घेतं, आणि त्याला इतिहासाचा आधार आहे. 1971 च्या डिसेंबरात आपलं सैन्य ढाक्याच्या दिशेने निघालं तेव्हा मेघना नदी आडवी आली. आशुगंजचा पूल पाकिस्तानी सैन्याने उडवला होता. 9 डिसेंबरपासून एमआय-4 या जुन्या वाहतुकीच्या हेलिकॉप्टरांनी रात्रंदिवस खेपा करून पायदळ पलीकडे नेऊन सोडलं. एका खेपेला डझनभर माणसं, परत, पुन्हा डझनभर. जनरल सगत सिंग यांची हिंमत आणि ग्रुप कॅप्टन चंदन सिंग यांच्या वैमानिकांचे कष्ट. आठवड्याभरात ढाका पडलं. गोण्या वाहाव्यात तशी माणसं वाहून ती लढाई पुढे सरकली.

पण नुसत्या ओढीने निकाल देऊ नये. 28 मे 1999 ला कारगिलमध्ये तोलोलिंगच्या परिसरात आपल्या हवाई दलाने एमआय-17 हल्ल्यासाठी पाठवली. वाहतुकीचं हेलिकॉप्टर, त्याला रॉकेटं लावलेली. त्या उंचीवर लढणारं खास हेलिकॉप्टर आपल्याकडे नव्हतंच. त्यातल्या एकावर खांद्यावरून डागलेलं क्षेपणास्त्र येऊन आदळलं. उष्णतेमागे लागणाऱ्या क्षेपणास्त्राला चकवायला जळत्या ज्वाला सोडण्याची सोय त्याच्यावर नव्हती. आतले चारही जण शहीद झाले, आणि एमआय-17 ला या कामावरून काढून घेतलं. रुंद पोट, मंद वळण, मोठं लक्ष्य: माणसं वाहताना जे गुण ठरतात ते हल्ला करताना जीव घेतात. चार घरांनी तो धडा भोगला आहे, म्हणून तो जपून सांगावा लागतो.

त्याच अनुभवातून 'प्रचंड' नावाचं हेलिकॉप्टर आलं. हिंदुस्तान एरोनॉटिक्सचं हे हलकं लढाऊ हेलिकॉप्टर 2010 मध्ये पहिल्यांदा उडालं आणि 3 ऑक्टोबर 2022 ला जोधपूरला हवाई दलात दाखल झालं. कमाल वजन 5.8 टन, म्हणजे अपाचेच्या जवळपास निम्मं. जड असल्याने अपाचेला सियाचिनच्या उंचीवर काम करणं अवघड, तर प्रचंड 2015 मध्येच तिथे उतरून आलं होतं. उंचीवर हवा विरळ, पंख्याला पकड कमी. उन्हाळ्यात 42 अंशांना बालाघाटाच्या पठारावरही हेच घडतं, कमी प्रमाणात. तापलेली हवा पातळ होते आणि तेच यंत्र कमी माणसं उचलतं. सियाचिनच्या वरच्या ठाण्यांवर तर चीता हेलिकॉप्टर एका खेपेत रॉकेलचे एक-दोन कॅन टाकून येतं, आणि पुन्हा जातं. मार्च 2025 मध्ये सरकारने 156 प्रचंडचा करार केला. चांगलं झालं. पण चीता आणि चेतक ही पन्नास-साठच्या दशकातल्या आराखड्याची यंत्रं अजून कामावर आहेत. त्यांची जागा घेणारं हलकं हेलिकॉप्टर इतकी वर्षं रेंगाळलं याचा मला राग येतो. तोफेच्या खरेदीला जी घाई होते ती पोटाच्या खरेदीला होत नाही.

दोन्ही एकाच यंत्रात बसवू, असा प्रयत्नही झाला. रशियन एमआय-24, आणि आपल्या हवाई दलाने घेतलेली त्याच घराण्यातली एमआय-25 आणि एमआय-35. पुढे तोफ, बाजूला रॉकेटं आणि पोटात आठ सैनिक. कागदावर उत्तम. प्रत्यक्षात सैनिक भरले की शस्त्रं कमी करायची, शस्त्रं भरली की सैनिक खाली ठेवायचे. काटा खोटं बोलत नाही. ही घडण जगात फारशी कुणी उचलली नाही.

उलट वेळ आली तेव्हा पोट नसलेल्या हेलिकॉप्टरनेही माणसं वाहिली. 15 जानेवारी 2007, अफगाणिस्तानातला हेल्मंड प्रांत. ब्रिटिश मरीन सैनिकांचा एक साथी, लान्स कॉर्पोरल मॅथ्यू फोर्ड, जुगरूमच्या गढीपाशी मागे राहिला. त्याला आणायचं कसं? दोन अपाचेंच्या आखूड पंखांवर, बाहेर, उघड्यावर, दोन-दोन जवानांनी स्वतःला पट्ट्याने बांधून घेतलं आणि गोळीबारात तिथे उतरले. फोर्ड आधीच गेला होता. त्याचा देह घेऊन ते परतले. आत तिसऱ्याला जागा नसणं म्हणजे काय, ते या प्रसंगाइतकं कुठल्याच तक्त्यातून कळत नाही.

खरं तर या दोन जाती एकमेकींवाचून अडतात. 17 जानेवारी 1991 ला आखाती युद्धाची पहिली फैर झाडली ती आठ अपाचेंनी, इराकच्या दोन रडार ठाण्यांवर. पण काळोखात वाळवंट ओलांडून त्यांना तिथवर वाट दाखवत नेलं ते पेव्ह लो या भल्यामोठ्या पोटवाल्या हेलिकॉप्टरांनी, कारण उपग्रहावरून ठिकाण अचूक सांगणारी यंत्रणा त्यांच्याकडे होती. आणि एकट्याने पुढे घुसलेल्या हल्लेखोरांचं काय होतं ते मार्च 2003 मध्ये करबलाजवळ दिसलं. तीसेक अपाचे गेली, जवळपास सगळी गोळ्यांनी चाळण होऊन परतली, एक तिथेच पडलं. आता युक्रेनच्या युद्धानंतर स्वस्त ड्रोनचा प्रश्न उभा आहे. जपानने 2022 च्या डिसेंबरात आपली हल्लेखोर हेलिकॉप्टरं टप्प्याटप्प्याने बंद करून ते काम मानवरहित विमानांकडे द्यायचं ठरवलं. टँक फोडायला ड्रोन चालेल. छपरावरून म्हातारीला उचलून आणण्याच्या कामाला अजून तरी पोट आणि दोर घेऊन आलेला माणूसच लागतो.

आपल्यासाठी हे सगळं फार दूरचं नाही. नाशिकरोडला गांधीनगरमध्ये लष्कराची हेलिकॉप्टर वैमानिक घडवणारी शाळा 2003 पासून आहे. तेव्हा कॅप्टन असलेल्या अभिलाषा बराक या लष्कराच्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक 2022 मध्ये तिथूनच बाहेर पडल्या. मराठवाड्यात धोधो पाऊस पडला की आपली नजर त्याच दिशेला लागते.

त्या पोराला मी यातलं जमेल तेवढं सांगितलं. वहीच्या मागच्या पानावर दोन चित्रं काढून दाखवली, एक शिडशिडीत, एक ढेरपोट्या. त्याने बराच वेळ दुसऱ्या चित्राकडे पाहिलं आणि बोटं मोजायला लागला. आजी, आबा, आई, काकू, दोन चुलत बहिणी.

"सर, आन शेळ्या?"

त्यांच्या दोन शेळ्या पुराच्या त्या सोमवारी ओढ्याला वाहून गेल्या होत्या. चिनूकच्या पोटात शेळ्या मावतील, मी म्हटलं. त्याने पेन्सिल घेतली आणि त्या लांबट पोटात, खिडकीपाशी, चार पायांच्या दोन आकृत्या काढल्या.