कुत्रा हाक ऐकेनासा होतो तेव्हा

श्रोतेहो, कुत्रा पाळायचा म्हणजे दारात साखळीला अडकवायचा आणि उरलीसुरली भाकरी टाकायची, अशी आपल्याकडे समजूत आहे. माझीही तीच होती. आमचा खंड्या कारवानी जातीचा, धनगराकडून आणलेला. पिलू होता तोवर पायांत घोटाळायचा. आठव्या महिन्यात स्वारी बदलली. हाक मारली की थांबायचा, वळून पाहायचा, आणि शेजाऱ्याच्या करडांमागे धूम ठोकायचा. एका संध्याकाळी शेजारी काठी घेऊनच आला. "मास्तर, पुन्हा करडं पळवली तर हा घरी यायचा नाही." माणूस वाईट नव्हे, त्याचा संसारच त्या शेळ्यांवर.

साधारण सहा महिने ते दीड वर्ष हे कुत्र्याचे पोरवय. अंगात बळ येते, आवर मागाहून येतो. इंग्लंडातील न्यूकॅसल विद्यापीठाच्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह २०२० साली याविषयीची पाहणी प्रसिद्ध केली. अंधांना वाट दाखवण्यासाठी वाढवलेल्या कुत्र्यांना त्यांनी 'बस' अशी आज्ञा देऊन पाहिली. पाच महिन्यांची पिले सांभाळणाऱ्याचे ऐकत; आठ महिन्यांची झाल्यावर त्याचे कमी ऐकू लागली, परक्याचे मात्र ऐकत! शिक्षक-श्रोत्यांना यात नवल वाटणार नाही. वर्षाच्या सुमारास हा हट्ट पुष्कळसा ओसरतो.

म्हणजे खंड्या बिघडला नव्हता. चूक माझी होती. मी त्याला हाक मारी ती बांधण्यासाठी, आणि उशिरा आला की छडी बसे. आता पाहा, अर्ध्या तासापूर्वीची पळापळ आणि ही छडी यांचा संबंध कुत्र्याला लागत नाही. धन्याजवळ गेले की मार बसतो, एवढेच तो शिकतो. मग येईल कशाला?

छडी टाकली. पंचवीस-तीस फुटांचा हलका दोर गळ्यातल्या पट्ट्याला बांधला. हाक एकदाच मारायची. न आला तर दोर हळूहळू गोळा करायचा, हिसका द्यायचा नाही. जवळ आला की भाकरीचा तुकडा, पाठीवर हात, आणि मुख्य म्हणजे पुन्हा मोकळे सोडायचे. दहांतल्या नऊ हाका अशा. अंगणात जमले की रस्त्यावर. मग शेळ्यांपासून लांब, जिथून त्या दिसतात पण हाक अजून कानात शिरते. आमच्या मातोश्री 'यू यू' करीत, मुलगा 'कम' म्हणे. ते बंद करून घरात 'ये' हा एकच शब्द ठेवला. यालाच जास्त दिवस लागले!

एक खरे सांगतो. ही जात नजरेने शिकार टिपणारी; पळणारे दिसले की धावणे तिच्या रक्तातच आहे. ते भाकरीने पुसले जात नाही. म्हणून शेळ्या परतायच्या वेळी दोर हातातच. आणि दिवसभर बांधलेला कुत्रा संध्याकाळी उधळणारच, तेव्हा सकाळी त्याला शिवारात चांगला फिरवून आणावा. रेबीजची लस तीन महिन्यांचा झाल्यावर, आणि पुढे पशुवैद्य सांगतील तेव्हा, टोचून घ्यावी.

खंड्या आता चौदा महिन्यांचा आहे. परवा करडे समोरून गेली. दोर ताणला गेला, मी "ये" म्हटले, तो वळला. शेजारी कट्ट्यावरून पाहत होता.

"मास्तर, दोर नसता तर?"

"अजून सोडत नाही," मी म्हणालो.