कोशिकाबंधक बहुवारिकांची निवड

कोशिकाबंधक बहुवारिकांची निवड : विशिष्ट प्रकारच्या कोशिकांना (पेशींना) आपल्या पृष्ठभागावर धरून ठेवणारी संश्लेषित बहुवारिके (अनेक साधे रेणू जोडून बनलेले महारेणू) चाचण्यांद्वारे शोधून काढण्याची पद्धती. ऊतकांतील बहुतेक कोशिकांची वाढ आधाराला चिकटल्याखेरीज होत नाही. प्रयोगशाळेत हा आधार पुष्कळदा प्राणिजन्य प्रथिनांचा असतो. त्याचे संघटन दर खेपेस थोडे बदलते व त्यातून रोगकारकांचा संसर्ग होण्याचा धोका राहतो. अशा आधारावर वाढविलेल्या कोशिका रुग्णाच्या शरीरात घालणे त्यामुळे जोखमीचे ठरते.

कोणते बहुवारिक कोणत्या कोशिकेस धरील हे केवळ रासायनिक संरचनेवरून सांगणे कठीण असते. म्हणून एकाच वेळी शेकडो बहुवारिके तपासावी लागतात. अमेरिकेत डॅन्येल अँडरसन, शूलामित लेव्हनबर्ग व रॉबर्ट लँगर यांनी २००४ मध्ये याची सोय केली. कोशिका चिकटू न देणारा लेप दिलेल्या काचपट्टीवर ॲक्रिलेट एकवारिकांच्या मिश्रणांचे अतिसूक्ष्म थेंब यंत्राने ठेवून जंबुपार प्रकाशाने त्यांचे जागच्या जागी बहुवारिकीकरण केले. ५७६ मिश्रणे प्रत्येकी तीनदा घेतल्याने १,७२८ ठिपके मिळाले. एखादा ठिपका योगायोगानेही कोशिका धरतो, म्हणून ही पुनरावृत्ती अनिवार्य आहे. नंतर पट्टीवर मानवी भ्रूणीय मूल कोशिका सोडून, न चिकटलेल्या धुऊन काढतात व उरलेल्यांना अनुस्फुरक रंजकद्रव्याने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात.

कोशिका बहुवारिकाला प्रत्यक्ष चिकटते असे मानणे बहुधा चुकीचे असते. संवर्धन माध्यमातील रक्तरसाची प्रथिने आधी पृष्ठावर अधिशोषित होतात आणि कोशिकापटलावरील इंटेग्रिने त्यांना पकडतात. मूल कोशिकांच्या बाबतीत व्हिट्रोनेक्टिन या प्रथिनाचा वाटा मोठा असल्याचे २०१० मध्ये दिसून आले. माध्यम बदलले की निष्कर्षही बदलू शकतो, तो यामुळेच. शिवाय चिकटलेली कोशिका आपले गुणधर्म टिकवून ठेवीलच असे नाही. लहान ठिपक्यावर यशस्वी झालेले बहुवारिक मोठ्या पृष्ठावर पुन्हा तपासावे लागते.

धरलेल्या कोशिका इजा न होता सोडविणे हाही प्रश्न आहे. एडिंबरो येथे मार्क ब्रॅडली व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये तापमान उतरताच कोशिका सोडणारे जलजेल याच पद्धतीने निवडले. उलट उद्देशानेही ही पद्धती वापरतात : २०१२ मध्ये नॉटिंगॅम येथील संशोधकांनी सूक्ष्मजंतूंना चिकटू न देणारी बहुवारिके शोधली. मूत्रनलिकांसारख्या साधनांवर सूक्ष्मजंतूंचे थर जमून होणारा संसर्ग टाळण्यासाठी ती उपयुक्त आहेत.

महाराष्ट्रात या विषयाची दोन्ही अंगे पुण्यात जवळजवळ नांदतात. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (स्थापना १९५०) बहुवारिकांचे संशोधन चालते, तर राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रात कोशिकांचे भांडार असून तेथून देशातील संशोधकांना कोशिका पुरविल्या जातात.