पिसाचा मनोरा पाहिलात, अंबरनाथ पाहिलेत?

इटलीहून परतलेली मंडळी पिसाच्या कलत्या मनोऱ्याचे वर्णन मोठ्या हौसेने करतात. करोत बापडी! पण ११७३ साली त्या मनोऱ्याचे काम सुरू झाले, तेव्हा आपले अंबरनाथचे शिवालय शंभरी ओलांडून गेले होते. देवळातल्या शिलालेखात शक ९८२, म्हणजे इ. स. १०६०, असा काळ असून शिलाहार राजा मुम्मुणीचे नाव आहे. महाशिवरात्रीची गर्दी टाळून एखाद्या सकाळी जावे. काळ्या पाषाणाच्या बाह्य भिंती शिल्पांनी नुसत्या गजबजलेल्या! मंडपातून पायऱ्या उतरून गाभाऱ्यात शिरावे आणि मान वर करावी. शिखराचा माथा नाही, वर उघडे आकाश! पिसाचा कल आवरण्यासाठी तो मनोरा १९९० पासून २००१ पर्यंत बंद ठेवला होता. इथे देवळालगतच्या वालधुनीत कारखान्यांचे सांडपाणी मिसळते आणि काठावर पाहुण्याला नाकाशी रुमाल धरावा लागतो.