तबकडी निकामी झाली, तरी नोंद शाबूत

कोलकात्याच्या नैर्ऋत्येस, हुगळीच्या पूर्व तीरावर गार्डन रीच हा भाग वसला आहे. अवधचे पदच्युत नबाब वाजिद अली शाह १८५६ मध्ये याच परिसरात येऊन राहिले. परंतु विदर्भातील वाचकांना हे नाव परिचयाचे आहे, ते रेल्वेमुळे. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेचा कारभार येथून चाले. तिच्या परंपरेतील दक्षिण-पूर्व रेल्वेचे मुख्यालय आजही येथेच आहे, आणि २००३ मध्ये बिलासपूर येथे नवे क्षेत्र निर्माण होईपर्यंत त्या रेल्वेच्या नागपूर विभागाची सूत्रे येथूनच हलत असत.

एके काळी प्रवाशांची आरक्षणे जाडजूड नोंदवह्यांत हाताने लिहिली जात. १९८५-८६ मध्ये दिल्लीत हे काम संगणकाकडे सोपविण्यास आरंभ झाला, आणि १९९९ पर्यंत दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई व सिकंदराबाद ही पाच केंद्रे परस्परांशी जोडली गेली. सोय मोठी झाली, तशी जोखीमही वाढली. वहीचे पान फाटले, तर हानी त्या पानापुरती होई. संगणकाची एक तबकडी निकामी झाली, तर असंख्य प्रवाशांच्या नोंदी एका क्षणात नाहीशा होऊ शकतात. हे टाळावयाचे कसे?

तबकडी का बिघडते?

संगणकाच्या पेटीतील चुंबकीय तबकडी मिनिटास ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेते. तिच्यावरील मजकूर वाचणारे टोक पृष्ठभागास स्पर्श न करता, केसाच्या जाडीहूनही कितीतरी पट कमी अंतरावरून फिरत असते. धक्का, उष्णता, विजेचा लपंडाव किंवा केवळ झीज यांपैकी कोणतेही कारण तिला पुरते. अलीकडच्या स्मृतिपेट्यांत फिरणारा भाग नसतो, पण त्याही कधी ना कधी बंद पडतात. तेव्हा तबकडी बिघडणारच, हे गृहीत धरून व्यवस्था आखणे हाच शहाणपणाचा मार्ग होय.

१९८८ मध्ये अमेरिकेतील बर्कले येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी एक निबंध सादर केला. एका अवाढव्य, महागड्या तबकडीऐवजी अनेक लहान, स्वस्त तबकड्या एकत्र जोडाव्यात, असे त्यांचे प्रतिपादन होते. अडचण एवढीच, की तबकड्या जितक्या अधिक, तितका त्यांतील एखादी बिघडण्याचा संभव अधिक. शंभर घरांच्या आळीत कोणाकडे तरी दुखणे असावयाचेच! म्हणून काही तबकड्या जादा ठेवून बिघाडाची भरपाई करावी, अशी योजना त्यांनी मांडली. ‘रेड’ या संक्षिप्त नावाने ती आज जगभर ओळखली जाते.

आरसा आणि बेरीज

या योजनेचा सर्वांत सोपा प्रकार म्हणजे आरसा. प्रत्येक नोंद एकाच वेळी दोन तबकड्यांवर लिहिली जाते. एक बंद पडली, तरी दुसरीवरून काम अखंड चालते. मात्र दोन तबकड्यांची किंमत मोजून जागा एकीचीच मिळते.

दुसरा प्रकार अधिक काटकसरीचा आहे. समजा, तीन तबकड्यांवर अनुक्रमे ७, ५ आणि ९ हे आकडे आहेत. चौथीवर त्यांची बेरीज २१ लिहून ठेवली. आता दुसरी तबकडी गेली, तर २१ मधून ७ आणि ९ वजा करताच हरवलेला ५ परत मिळतो. संगणक प्रत्यक्षात शून्य व एक या दोनच अंकांचा सम-विषम हिशेब ठेवतो. तत्त्व मात्र हेच. चार तबकड्यांपैकी तिघींची जागा वापरास मिळते.

तथापि येथे दक्षता हवी. मोटारीला स्टेपनी लावली, म्हणजे पंक्चर झालेले चाक विसरावयाचे नसते. बिघडलेली तबकडी तत्काळ बदलावी लागते, आणि नव्या तबकडीवर सारा मजकूर पुन्हा उतरविण्यास कित्येक तास, प्रसंगी दिवसाहूनही अधिक काळ लागतो. तेवढ्यात दुसरी गेली, तर सर्वस्व बुडाले! एकाच वेळी खरेदी केलेल्या तबकड्यांचे वय सारखेच असल्याने हा धोका काल्पनिक नव्हे. म्हणूनच मोठ्या केंद्रांत एकाच वेळी दोन तबकड्या गेल्या तरी निभावेल, अशी दुहेरी तजवीज करतात.

आरशाची मर्यादा

८ मार्च २०२१ च्या सायंकाळी कोलकात्याच्या स्ट्रँड रोडवरील न्यू कोयलाघाट इमारतीच्या तेराव्या मजल्यास आग लागली. पूर्व आणि दक्षिण-पूर्व या दोन्ही रेल्वेंची कार्यालये असलेल्या त्या इमारतीत नऊ जणांना प्राण गमवावे लागले. आग विझविण्यास धावलेले जवानही त्यांत होते. वीज तोडावी लागल्याने पूर्व भागातील तिकीट-आरक्षण विस्कळीत झाले. त्या प्राणहानीपुढे यंत्रांची कथा ती काय? परंतु एक धडा स्पष्ट आहे. एकाच खोलीत शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन तबकड्या आगीत एकत्रच जळतात, आणि विजेवाचून एकत्रच मुक्या होतात. मे २०२० मध्ये ‘अम्फान’ वादळाने कोलकात्याच्या अनेक वस्त्या कित्येक दिवस अंधारात ठेवल्या होत्या, हेही विसरता येत नाही.

आरशाची दुसरी मर्यादा याहून सूक्ष्म आहे. आरसा चूकही तितक्याच प्रामाणिकपणे उतरवितो. नजरचुकीने एखादी नोंद पुसली, तर ती दोन्हीकडून त्याच क्षणी पुसली जाते. सारांश, जोडतबकडी काम थांबू देत नाही. ती वेगळ्या प्रतीची जागा घेऊ शकत नाही. ती प्रत निराळ्या वेळी काढलेली आणि निराळ्या गावी ठेवलेली असावी.

घरोघरीही आज मुलांची छायाचित्रे, शाळेचे दाखले, घराची कागदपत्रे संगणकातच असतात. त्यांच्यासाठी एवढे अवश्य करावे: एक प्रत संगणकात, दुसरी बाहेरच्या तबकडीवर, आणि तिसरी परगावी, बहिणीच्या किंवा काकांच्या घरी असू द्यावी. बाहेरची तबकडी काम होताच संगणकापासून सोडवून कपाटात ठेवावी. वर्षातून दोनदा त्या प्रती उघडूनही पाहाव्यात, कारण वाचता न येणारी प्रत असून नसल्यासारखीच.