मूत्रातील प्रतिकारपेशी आणि मूत्रपिंडाचे विकार : एक परिचय

प्रस्तावना

मूत्रपिंडाचा विकार बहुधा मुकाट्याने वाढतो. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातले जवळजवळ सर्व पाणी परत रक्तात घेऊन केवळ दीड-दोन लिटर मूत्र बाहेर टाकतात. एवढी मोठी राखीव क्षमता असल्यामुळे निम्मे काम बंद पडले तरी रक्तातील क्रिएटिनिनचा आकडा पुष्कळदा सामान्य मर्यादेतच राहतो. पायांवर सूज, भूक मंदावणे, धाप लागणे ही लक्षणे दिसू लागतात तेव्हा बराच उशीर झालेला असतो.

बीदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांच्या सीमाभागात या उशिराला अंतराचीही जोड मिळते. औराद, भालकी, बसवकल्याण किंवा आळंद तालुक्यातील रुग्ण आधी तालुक्याच्या दवाखान्यात जातो, तेथून बीदर किंवा कलबुर्गीच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात आणि पुष्कळदा पुढे हैदराबाद वा सोलापूरला. सुईने मूत्रपिंडाचा तुकडा काढून तपासण्याची, म्हणजे बायॉप्सीची, वेळ येते तेव्हा घरचे लोक घाबरतात. भीती अगदीच निराधार नाही. सुई टोचल्यावर रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून रुग्णाला काही तास निजवून ठेवावे लागते. शिवाय हीच तपासणी दर दोन-तीन महिन्यांनी करता येत नाही. त्यामुळे मूत्रपिंडात चाललेला दाह न टोचता कळेल काय, हा प्रश्न या भागात केवळ प्रयोगशाळेपुरता राहत नाही. मूत्रातील प्रतिकारपेशींचा अभ्यास या प्रश्नाचे उत्तर शोधतो.

कारुऱ्यापासून सूक्ष्मदर्शकापर्यंत

मूत्र पाहून रोग ओळखण्याची परंपरा जुनी आहे. युनानी वैद्यकात काचेच्या भांड्यातील मूत्राच्या तपासणीला कारुरा म्हणतात. इब्न सीना यांच्या ‘अल-कानून’मध्ये मूत्राचा रंग, घट्टपणा, वास, फेस व गाळ यांचा तपशीलवार विचार आहे. नमुना ताजा असावा आणि रंग बदलणारे पदार्थ खाल्ल्यानंतरचा नसावा, ही दक्षताही त्यात सांगितली आहे. बाराव्या शतकातील हकीम इस्माईल जुरजानी यांनी चोवीस तासांचे मूत्र जमवून ते ऊन व उष्णता यांपासून दूर ठेवण्याचा सल्ला दिला. या मंडळींना पेशी माहीत नव्हत्या. तरी नमुना कसा ठेवला यावर निदान अवलंबून असते, हे त्यांनी अचूक ओळखले होते.

१८२७ साली लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधील रिचर्ड ब्राइट यांनी मूत्रातील प्रथिने, अंगावरची सूज आणि विकृत मूत्रपिंडे यांचा संबंध दाखवला. १९२५ च्या सुमारास टॉमस ॲडिस यांनी ठरावीक तासांच्या मूत्रातील पेशी मोजण्याची पद्धत रूढ केली. मात्र साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ‘पांढरी पेशी’ एवढेच कळते. ती कोणत्या जातीची आहे, हे सहसा कळत नाही.

पेशी मूत्रात येतात कशा?

निरोगी माणसाच्या मूत्रात टी-पेशी जवळजवळ नसतात. ल्युपससारख्या विकारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच ऊतींवर उलटते. तेव्हा टी-पेशी आणि महाभक्षी पेशी रक्तातून मूत्रपिंडात शिरतात आणि गाळण्यांभोवती व नलिकांच्या आसपास गोळा होतात. दाहामुळे तेथील भिंती सैल होतात, काही ठिकाणी फाटतात. मग यातल्या काही पेशी नलिकेच्या पोकळीत उतरतात आणि मूत्राबरोबर बाहेर येतात. ओढ्याच्या गाळावरून वरच्या अंगाला कोणती माती वाहून जात आहे ते जसे कळते, तसाच हा प्रकार आहे.

मूत्रमार्गाच्या साध्या जंतुसंसर्गातही पांढऱ्या पेशी पुष्कळ वाढतात, परंतु त्यांत न्यूट्रोफिल जातीच्या पेशींचे प्राबल्य असते. म्हणून केवळ संख्या पुरत नाही, जात ओळखावी लागते.

जात ओळखण्याची रीत

प्रत्येक जातीच्या पेशीच्या पृष्ठभागावर विशिष्ट प्रथिने असतात. टी-पेशींवर सीडी३ असते. त्यांतील मदतनीस पेशींवर सीडी४ आणि मारक पेशींवर सीडी८ असते. या प्रथिनांना चिकटणारी, चमकणारा रंग लावलेली प्रतिपिंडे नमुन्यात मिसळतात. नंतर पेशी एकेक करून लेसर किरणासमोरून नेल्या जातात आणि रंगाच्या चमकेवरून यंत्र त्यांची मोजदाद करते. या यंत्राला फ्लो सायटोमीटर म्हणतात. एचआयव्ही रुग्णांच्या सीडी४ तपासणीमुळे हे तत्त्व आपल्याकडील तंत्रज्ञांना अपरिचित नाही. तेथे नमुना रक्ताचा असतो, येथे मूत्राचा.

दुसरी रीत पेशीतील आरएनए वाचण्याची आहे. पेशीत कोणते जनुक जागे आहे, म्हणजे ती पेशी त्या वेळी कोणते काम करत आहे, हे त्यावरून समजते.

संशोधनातून काय दिसले?

बर्लिनमधील संशोधकांनी २०१४ साली ल्युपसच्या १४७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मूत्रपिंडात तीव्र दाह असलेल्यांच्या मूत्रात सीडी४ पेशी स्पष्टपणे वाढलेल्या होत्या. १०० मिलिलिटरमागे ८०० पेशी ही सीमारेषा धरली असता असे रुग्ण इतरांपासून वेगळे काढता आले. औषधांना प्रतिसाद देणाऱ्यांमध्ये ही संख्या उतरली.

२०१९ साली अमेरिकेतील एका संयुक्त प्रकल्पात ल्युपसच्या २४ रुग्णांच्या मूत्रपिंडाच्या तुकड्यांतील पेशी एकेक करून तपासल्या गेल्या व त्यांच्या २१ उपजाती आढळल्या. मूत्रातील प्रतिकारपेशींची जनुकीय ठेवण मूत्रपिंडातील पेशींशी मोठ्या प्रमाणात जुळत होती. मूत्रातील पेशी हा मूत्रपिंडाचाच नमुना आहे, या कल्पनेला त्यामुळे भक्कम आधार मिळाला.

प्रत्यारोपित मूत्रपिंडाबाबतही असेच अनुभव आहेत. न्यूयॉर्कच्या एका गटाने २००१ मध्ये मूत्रातील पेशींत परफोरिन व ग्रँझाइम बी या मारक प्रथिनांचे आरएनए वाढल्यास शरीर नवे मूत्रपिंड नाकारत असल्याचे दाखवले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात ४८५ रुग्णांचे सुमारे ४,३०० नमुने तपासले गेले. बायॉप्सीत नकार सिद्ध होण्याच्या सुमारे वीस दिवस आधीपासूनच मूत्रातील खूण वर जाऊ लागल्याचे त्यात दिसले. दूर राहणाऱ्या रुग्णाच्या दृष्टीने वीस दिवस ही फार मोठी मुदत आहे.

भारतातही या दिशेने काम झाले आहे. लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेतील संशोधकांनी सक्रिय टी-पेशींपासून सुटणारे सीडी२५ हे प्रथिन ल्युपसच्या रुग्णांच्या मूत्रात मोजले आहे. पेशी टिकवण्यापेक्षा प्रथिन टिकवणे सोपे असल्याने हा मार्ग आपल्या परिस्थितीत विशेष विचारात घेण्याजोगा आहे.

मर्यादा

या तपासण्या अद्याप मुख्यतः संशोधनाच्या पातळीवर आहेत. बायॉप्सीची जागा त्यांनी घेतलेली नाही. डॉक्टरांनी बायॉप्सी सुचवली असता ‘आता मूत्रावरच भागते’ असा समज कोणी करून घेऊ नये.

दुसरी अडचण नमुन्याची. मूत्रातील आम्लता, क्षार आणि युरिया यांमुळे पेशी लवकर मरतात व फुटतात. सामान्य तापमानाला दोन तासांपेक्षा अधिक ठेवलेला नमुना साध्या सूक्ष्मदर्शक तपासणीलाही भरवशाचा राहत नाही. सीमाभागात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांवर जातो, तेव्हा ही मुदत आणखी आखडते. पेशी काही दिवस टिकवणारी रसायने वापरण्याची पद्धत जर्मनीत विकसित झाली आहे. ती रुळली तर औरादचा नमुना हैदराबादला पाठवून मोजता येईल.

तिसरी अडचण भेसळीची. मासिक पाळीतील रक्त किंवा मूत्राशयाचा संसर्ग यांमुळे मोजणी चुकते. ल्युपस प्रामुख्याने तरुण स्त्रियांना होतो. त्यामुळे नमुना कसा द्यावा हे त्यांना संकोच न वाटेल अशा रीतीने, शक्यतो स्त्री-तंत्रज्ञाकडून, समजावून सांगणे आवश्यक ठरते.

अध्यापनात उपयोग

वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाचे किंवा आरोग्य-सहायकाचे वर्ग घेणाऱ्या अध्यापकांना हा विषय महागड्या यंत्रांशिवाय शिकवता येतो.

१) सकाळच्या मूत्राचा मधल्या धारेचा नमुना घेऊन त्याचे दोन भाग करावेत. एक भाग लगेच आणि दुसरा चार तासांनी तपासावा. दहा मिलिलिटर मूत्र पाच मिनिटे यंत्रात फिरवून खालच्या गाळातील पेशी मोजाव्यात. नमुन्यात पेशी पुरेशा असल्यास दोन आकड्यांतला फरक विद्यार्थ्यांना स्वतः पाहता येतो.

२) क्रिएटिनिन वाढण्याची कारणे वेगवेगळी असतात, हे उदाहरणाने सांगावे. कडक उन्हात तुरीच्या शेतात राबणाऱ्या मजुराचे किंवा उन्हाळ्यात आलेल्या रोज्यांच्या काळात पाणी कमी पडलेल्या माणसाचे क्रिएटिनिन वाढू शकते. परंतु केवळ पाण्याच्या कमतरतेमुळे ते वाढले असेल, तर मूत्राचा गाळ बहुधा स्वच्छ असतो. गाळात रक्तपेशी आणि पेशींचे साचे आढळले, तर प्रत्यक्ष मूत्रपिंडातील दाहाचा संशय घ्यावा लागतो.

३) नमुन्यावर नावाऐवजी क्रमांक लिहावा, संमती घ्यावी आणि निष्कर्ष वर्गात उघड करू नये. विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या नमुन्यांवर प्रयोग करण्याची सक्ती करू नये. एखाद्या नमुन्यात दोष आढळल्यास त्या व्यक्तीला खासगीत कळवून डॉक्टरांकडे पाठवावे.

समारोप

रक्तदाब, रक्तातील साखर, मूत्रातील प्रथिने आणि सूक्ष्मदर्शकाखालील गाळ या चार साध्या तपासण्या आजही मूत्रपिंड वाचवण्याची पहिली साधने आहेत. त्या वेळेवर होणे हीच सीमाभागाची तातडीची गरज आहे. प्रतिकारपेशींची मोजणी हे त्यापुढचे पाऊल होय. बायॉप्सी एका दिवसाचे चित्र देते, तर मूत्र दर आठवड्याला पुन्हा तपासता येते, हे तिचे खरे बळ आहे. मात्र हे ज्ञान रुग्णापर्यंत पोहोचायचे असेल तर गावातील तंत्रज्ञाने नमुना नीट घेतला, वेळ लिहिली आणि तो थंड ठेवला पाहिजे. मोठ्या शहरातील यंत्र कितीही अचूक असले तरी फुटलेली पेशी त्याला मोजता येत नाही. ही शिस्त सामुदायिक महाविद्यालयाच्या वर्गात शिकवता येते, आणि त्यासाठी नव्या यंत्राची वाट पाहण्याचे कारण नाही.