धक्का थोडा रिकामाच बरा

कुंभकोणमच्या दक्षिणेकडून वाहणारी अरसलार नदी कारैकलला समुद्राला मिळते. तिथून थोडं खाली, २००९मध्ये सुरू झालेलं कारैकल बंदर आहे. इथे कोळसा मोठ्या प्रमाणावर उतरतो. धक्के सतत भरलेले दिसले, की बंदर उत्तम चाललंय असं आपण म्हणतो. इथेच फसगत होते.

समजा, धक्का एकच आहे, जहाजं कधीही येतात आणि माल उतरवायला कधी कमी, कधी जास्त, सरासरी २ दिवस लागतात. रांगेचं गणित सांगतं: धक्का निम्मा वेळ व्यापलेला असेल तर जहाज सरासरी २ दिवस ताटकळतं. ८० टक्के व्यापला तर ८ दिवस, ९० टक्के झाला तर १८! हा आकडा मला दर वेळी हादरवतो. म्हणून खरं माप म्हणजे जहाज येऊन थांबल्यापासून निघेपर्यंतचा एकूण वेळ.

तो कमी करायला मोठ्या क्रेन आणाव्यात, हे पहिलं सुचतं. पण एका मोठ्या जहाजातून उतरलेला ७०,००० टन कोळसा बंदराबाहेर वाहायला साधारण १८ ते २० मालगाड्या लागतात. त्या वेळेवर भरून निघाल्या नाहीत, तर ढीग साचतो आणि वेगवान क्रेनही थांबते.